रिकाम्या बाटलीची साक्ष

बाडूवामावशीने मला पहिल्या भेटीत नावसुद्धा विचारलं नव्हतं, हात दाखवायला सांगितले होते. नोकरीचा माझा पहिला दिवस. अंगात नवा शर्ट, केसांना वासाची क्रीम, आणि मी साहेबाच्या थाटात प्रयोगशाळेत शिरत होतो. ती दार अडवून उभी. माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "अंगठी काढ. डोक्याला काय चोपडलंयस ते धुऊन ये. इथं शिसं मोजतात, तुझं लग्न नाही लागत."

मी एजिर. सेकोंडी या आमच्या समुद्रकाठच्या शहराच्या बाजारांतून आणि बंदरातून खाण्यापिण्याचे नमुने गोळा करून आणणं हे माझं काम. बाळांच्या दुधाचे सीलबंद डबे, सुटी दूध पावडर, सगळं पिशवीत भरायचं, चिठ्ठी लावायची आणि प्रयोगशाळेत आणून द्यायचं. त्यात शिसं आहे का, बुरशीचं विष आहे का, कुणी दूध दाट भासवायला भलतंच काही मिसळलंय का, हे डॉक्टर सागो मॅडम यंत्रावर शोधतात. आणि ज्या बाटल्यांतून हे सगळं होतं त्या धुते बाडूवामावशी. सव्वीस वर्षं.

बाडूवा म्हणजे दहावी. आमच्यात बाईला दहावं मूल झालं की नवऱ्याने तिला मेंढी द्यायची असते. मावशीच्या बापाने ती दिली, आणि पुढे जन्मभर मावशीने ती मेंढी सगळ्यांना ऐकवली. "तुम्ही सगळे रिकाम्या हाताने आलात, मी मेंढी घेऊन आले," असं ती मॅडमनाही सांगायची. मॅडम तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, परदेशात शिकून आलेल्या, पण मेंढीपुढे त्यांचंही काही चालायचं नाही.

बाटली धुणं म्हणजे काय मोठं, असं मला तेव्हा वाटायचं. मावशी एकेक बाटली एक दिवस आणि एक रात्र तेजाबात बुडवून ठेवायची. मग शुद्ध पाण्याने तीनदा खंगाळायची. चौथ्यांदा नाही, आणि दोनदा तर नाहीच. मग पालथी घालायची, आणि सुकली की उजेडाकडे धरून एक डोळा मिटून तिचा तळ बघायची. मी एकदा विचारलं, "मावशी, तळात काय दिसतं?" तर म्हणाली, "काही दिसू नये म्हणून तर बघते, गाढवा."

या खात्यात मोजमाप इतकं बारीक, की कुणा बाईच्या काजळाचं बोट लागलं तरी यंत्र बोंब मारतं. म्हणून मॅडम दर खेपेला नमुन्यांच्या रांगेत एक रिकामी बाटली ठेवतात. तिच्यात दूध नसतं. नुसतं तेजाब आणि शुद्ध पाणी. बाकीच्यांसोबत तीही यंत्रावर जाते. तिच्यात शिसं निघालं तर समजायचं की घाण आपल्याच घरातली आहे, आणि त्या दिवसाचं सगळं मोजमाप कचऱ्यात टाकायचं. मावशीला अक्षरओळख जेमतेम, पण यंत्राच्या कागदावर रिकाम्या बाटलीची ओळ कुठे असते ते तिला बरोबर ठाऊक होतं. रोज संध्याकाळी ती त्या ओळीवर बोट ठेवून विचारायची, "काही नाही ना?" मॅडम म्हणायच्या, "काही नाही, मावशी." मग ती घरी जायची. घरी तिची नात असायची, कुकुवा, नऊ महिन्यांची. पोरीची आई राजधानीत, आक्राला, शिवणकाम शिकायला गेलेली, त्यामुळे दिवसा शेजारीण आणि संध्याकाळपासून आजी असा त्या पोरीचा कारभार होता.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती सांगायला मला आवडत नाही, पण ती वगळली तर गोष्टच उरत नाही.

आमच्या खालच्या बाजारात सुटी दूध पावडर विकणाऱ्या चाळीसेक बायका आहेत. मोठ्या गोणीतून मोजून छोट्या पिशव्या बांधून विकतात. त्यांची राणी एकुवा एशुन. प्रत्येक मालाची राणी असते तशी ही दुधाची, आणि तिच्या शब्दाबाहेर बाजारात कुणी जात नाही. कुणाचीही नवी गोण उघडली की त्यात पहिला हात राणीचा. तिच्याकडे तिच्या सासूच्या वेळचं पत्र्याचं मापटं होतं, कधीकाळचा बिस्किटांचा डबा. ते ती गोणीत बुडवायची, काठोकाठ भरायची आणि फळीवर तीनदा आपटायची. ठाक, ठाक, ठाक. पावडर खाली बसली की वर आणखी घालायची. माप चोख, उलट चार चमचे जास्तच. आणि हे पहिलं मापटं विकायचं नाही, ज्या घरात अंगावरचं किंवा रांगतं लेकरू आहे त्या घरी द्यायचं. लेकराच्या तोंडून गोणीला बरकत येते म्हणतात.

मी नमुने घ्यायला मंगळवारी जायचो. मंगळवारी आमचे कोळी समुद्रावर जात नाहीत, बाजार जरा निवांत असतो. नियमाप्रमाणे मी गोणीतून माझ्या स्टीलच्या चमच्याने, स्वतःच्या हाताने नमुना काढायचा. चमचा माझ्या पिशवीत सीलबंद असायचा. पण राणीने पहिलं माप काढायच्या आधी परक्याने गोणीत हात घालणं म्हणजे तिच्या तोंडावर थुंकण्यासारखं. पहिल्याच वर्षी मी चमचा काढला तेव्हा सगळा बाजार गप्प झाला होता. राणीच हसून म्हणाली होती, "ठेव रे तो दवाखाना आत. मी देते तुला." तेव्हापासून पहिल्या मापट्यातलं थोडं माझ्या पिशवीत आणि बाकीचं लेकराच्या घरी, असं चालू होतं. आणि मी कागदावर दर वेळी खूण करत होतो, 'नमुना स्वच्छ चमच्याने घेतला.'

त्या वर्षी प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं, जुन्यापेक्षा कितीतरी तिखट कानाचं. पहिल्याच फेरीत बंदरावरचे बाळांच्या दुधाचे डबे स्वच्छ निघाले. खालच्या बाजारातल्या पावडरीत मात्र शिसं निघालं. तेही विचित्र. एकाच पिशवीतल्या पावडरीचे मॅडम दोन वाटे करायच्या, तर एका वाट्यात काहीच नाही आणि दुसऱ्यात इतकं, की यंत्र बिघडलं की काय अशी शंका यावी. त्यांनी दोन आठवडे पुन्हापुन्हा मोजलं. दर वेळी वेगळा आकडा.

"दुधात असतं तर दोन्ही वाट्यांत सारखं निघालं असतं," मॅडम मला म्हणाल्या. "एखाद्या बाटलीतच निघतंय. म्हणजे बाटलीच खराब."

"पण रिकामी बाटली तर चोख येते," मी म्हटलं.

"रिकामी एकच असते, एजिर. ती नेमकी नीट धुतलेली हाताला लागत असेल, बंदरावरच्या डब्यांनाही तशाच लागल्या असतील." त्यांनी आवाज खाली आणला. "मावशींची नजर आता पहिल्यासारखी राहिली नसेल. त्यात काय लाज आहे?"

मावशी दारामागे ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला. एकही बाटली वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं. शुक्रवारपर्यंत वर कळवायचं होतं. एक तर बाजारातली पावडर शिशाची म्हणून चाळीस बायकांची विक्री बंद, नाही तर चूक प्रयोगशाळेचीच म्हणून सगळे आकडे रद्द. "माझ्या मते चूक आपली आहे, मावशी. तुम्हाला कुणी काढणार नाही. तुम्ही बागेचं आणि अंगणाचं काम बघा. उन्हात डोळ्यांनाही बरं."

मला वाटलं आता मेंढी निघणार. मावशीने आपलेच हात उलटसुलट करून पाहिले. मग जे बोलली ते ऐकून मी चकित झालो.

"देव करो आणि चूक माझीच असो," ती म्हणाली. "माझी कुकुवा तीच पावडर खाते. रोज सकाळी मक्याच्या आंबिलीत. लेक जवळ नाही म्हणून राणीमाई मला पहिलं मापटं देते, पाच महिने झाले." तिने मान वर केली. "बाटली घाण असली तर माझी नोकरी जाईल. जाऊ दे. पण बाटली स्वच्छ असली तर ते शिसं कुठं गेलं, सांगा ना मला."

मॅडम उठून बाटल्यांच्या फळीकडे गेल्या. त्या बाई मुळात कठोर नाहीत, फक्त आकड्यांवर त्यांचा जीव. त्यांनी मावशीच्या धुतलेल्या बाटल्यांतून डोळे मिटून वीस उचलल्या आणि वीसही रिकाम्याच यंत्रावर लावल्या. नुसतं तेजाब आणि पाणी. बुधवार सगळा त्यात गेला. मावशी स्टुलावर बसून होती. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यासमोर केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, आणि मासा ठेवला, तिने हात लावला नाही.

चार वाजता मॅडम कागद घेऊन आल्या. त्यांचा चेहरा शरमेने उतरला होता.

"काही नाही, मावशी. वीसच्या वीस. मी चुकले. तुमच्या हातासारखा हात या देशात नसेल."

सव्वीस वर्षांत तिला एवढी शाबासकी कुणी दिली नव्हती. आणि मावशी पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. मॅडमना वाटलं आनंदाने रडते. मला खरं माहीत होतं. बाटली स्वच्छ, म्हणजे शिसं कुकुवाच्या पोटात.

रडणं आवरल्यावर ती उठली. बाजारातल्या नमुन्यांच्या उरलेल्या पिशव्या मागून घेतल्या. एकेक पिशवी कोमट पाण्यात कालवून उंच, निमुळत्या तळाच्या भांड्यांत ओतली आणि ती खिडकीत मांडून ठेवली. यंत्र नाही, काही नाही. गुरुवारी सकाळी वरचं दूध हळूच काढून टाकलं, शुद्ध पाण्याने तीनदा खंगाळलं, आणि एक डोळा मिटून तळ बघू लागली. सातव्या भांड्याला तिने मला हाक मारली.

"बघ. माझे डोळे म्हातारे झालेत म्हणे."

तळाशी करड्या रंगाचा एक कण चमकत होता. राळ्याच्या दाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. बाकीच्या भांड्यांपैकी आणखी चारांत तसेच निघाले. म्हणून आकडे जुळत नव्हते. शिसं दुधात विरघळलेलं नव्हतंच. कण ज्या वाट्यात पडेल तो वाटा बोंब मारायचा, दुसरा चोख राहायचा.

"हे गाईच्या पोटातून आलेलं नाही," मावशी म्हणाली. "हे कशाचं तरी झडलेलं आहे. एजिर, तू पावडर कशाने काढतोस?"

"चमच्याने," मी म्हणालो.

"दाखव."

मी पिशवीतून चमचा काढला. वर्षानुवर्षं पिशवीत राहून वेष्टन पिवळं पडलं होतं, पण सील जसंच्या तसं होतं. मावशीने ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दोन आठवडे," ती एवढंच म्हणाली. "दोन आठवडे तू माझ्यासमोर जेवतोयस."

मी तिथेच मॅडमसमोर सगळं सांगितलं. राणीचं मापटं, तीन ठोके, खोटी खूण. मॅडमनी मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, ते मला लागू होतं. नोकरी वाचली, बढती गेली. मी तक्रार करत नाही.

त्याच दुपारी आम्ही तिघं खालच्या बाजारात गेलो. मॅडमना वाटेत मावशीने बजावलं, "तुम्ही बोलू नका. तुम्ही बोललात की कायदा वाटतो."

एशुनबाई आपल्या उंच स्टुलावर बसली होती. मावशीला बघून तिचा चेहरा उजळला. "ये गं मेंढीवाली! पोरगी कशी आहे? दात आले?"

"दोन आले. राणीमाई, तुमचं मापटं जरा बघू द्याल?"

आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. ते मापटं आजवर कुणी मागितलं नव्हतं. एशुनबाईने मावशीच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता ते तिच्या हातात दिलं. मावशीने ते उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला. मग आपल्या डोक्याचा काळा रुमाल फळीवर पसरला, त्यावर मापटं पालथं धरलं आणि तीनदा ठोकलं. ठाक, ठाक, ठाक.

काळ्या कापडावर पांढरी धूळ पडली. तिच्यात तीन करडे ठिपके होते.

मापट्याच्या तळाचा सांधा आतून शिशाच्या जाड सोल्डरने भरलेला होता, थरावर थर. कडेला तो पिठूळ होऊन सुटत होता.

"हे कुणी सांधलं?" मावशीने हळूच विचारलं.

"आमच्या ह्यांनी," एशुनबाई म्हणाली. तिचा नवरा रेल्वेत कारागीर होता, वारून बारा वर्षं झाली. "तळ सुटला की तेच सांधून द्यायचे. म्हणायचे, एकुवा, तुझं माप कधी गळायचं नाही." मग तिची नजर रुमालावर गेली. "का गं? काय आहे त्यात?"

मावशीने सांगितलं. शिसं म्हणजे काय, लेकरांच्या डोक्याला आणि रक्ताला ते काय करतं, सगळं साध्या शब्दांत. एशुनबाई ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते. आम्हाला वाटलं ती प्रार्थना करते. ती नावं घेत होती. गेल्या काही वर्षांत पहिलं मापटं जिथे जिथे गेलं त्या घरांची, त्या लेकरांची नावं. शेवटचं नाव कुकुवाचं होतं.

"मी बरकत म्हणून देत होते, बाडूवा," ती म्हणाली. "आपटून आपटून जास्त देत होते."

"माहीत आहे मला. मीच आनंदाने नेत होते ना."

एक बाई मागून चिरक्या आवाजात म्हणाली, "झालं! आता आमची दुकानं बंद करणार हे सरकारी लोक." एशुनबाई स्टुलावरून खाली उतरली. तिला खाली उतरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"दुकानं मी बंद करते," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांची मापं इथे आणा. पत्र्याची, सांधलेली, सगळी. आणि मी घेतली ती नावं कुणीतरी लिहून घ्या. त्या पोरांना तपासायचंय."

शुक्रवारच्या अहवालात मॅडमनी लिहिलं की गोण्यांतली पावडर स्वच्छ आहे, दोष मापाचा आहे आणि जुनी मापं बंद केली आहेत. आधी गोण्या पुन्हा तपासल्या होत्या, या वेळी माझ्या चमच्याने. सत्तेचाळीस लेकरांचं रक्त तपासलं गेलं. बहुतेकांचं ठीक होतं. नऊजणांत थोडं शिसं निघालं, त्यात कुकुवा होती. नर्स म्हणाली, "वेळेवर आलात. शिसं पोटात जाणं थांबलं की हळूहळू उतरेल. चवळी द्या, पालेभाजी द्या, मासे द्या, दर दोन महिन्यांनी आणा." मावशीने हे पाठ केलं आणि बाकीच्या आठ घरी जाऊन दर आठवड्याला तपासणी सुरू केली. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते झाकण उघडून बघायची. लोक वैतागायचे, पण पोरं चवळी खायची. दुसऱ्या तपासणीत नवांपैकी आठांचा आकडा उतरला, तिसऱ्यात नवव्याचाही. कुकुवाचा आकडा मावशीने मला बोटाने दाखवला, जसा रिकाम्या बाटलीचा दाखवायची.

पण हे नंतरचं. बाजार बंद झाल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा उघडला तो मंगळवार होता. एशुनबाईने स्टीलची नवी मापं मागवली होती, बिनसांध्याची. चाळीसही मावशीने स्वतः धुतली, तीनदा खंगाळून. जुनं मापटं एशुनबाईने आधी प्रयोगशाळेत पाठवलं, मग परत मागून घेतलं आणि घरी नवऱ्याच्या फोटोखाली ठेवलं. त्यात आता कुणी काही भरत नाही.

पहिली गोण उघडली. माझा चमचा या वेळी सील फोडून तयार होता. एशुनबाई हसली, पण हात लावू दिला नाही. "पहिला हात माझाच," म्हणाली. पण नवं मापटं बुडवायच्या आधी तिने फळीवर काळं कापड पसरलं, रिकामं मापटं पालथं धरलं आणि तीनदा ठोकलं. सगळ्या बायका वाकून बघत होत्या. कापडावर काही पडलं नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता तो त्या बाजाराचा रिवाज झाला आहे, आणि नव्याने आलेल्या मुलींना वाटतं की तो सासूच्या सासूपासून चालत आलाय.

मग तिने मापटं भरलं. पहिलं मापटं कुणाला ते सगळ्यांना ठाऊक होतं. एशुनबाईने ते दोन्ही हातांनी मावशीपुढे धरलं.

मावशीच्या पाठीला कुकुवा बांधलेली होती. तिने पोरीला सोडून फळीवर बसवलं. झोळीतून काचेचा पेला काढला, घरचा. प्रयोगशाळेच्या काचेत खायचं नाही एवढी शिस्त तिने त्या दिवशीही पाळली. मापट्यातली थोडी पावडर पेल्यात, बाकीची घरच्या डब्यात, मग उकळून आणलेलं कोमट पाणी. कालवलं, उन्हाकडे धरलं, एक डोळा मिटला. किती वेळ बघत होती देव जाणे. मला वाटलं ही आता नाही म्हणणार.

तिने पेला पोरीच्या तोंडाला लावला.

कुकुवा घटाघटा प्यायली. अर्धं पोटात, अर्धं फ्रॉकवर. एशुनबाई रिकामं मापटं धरून बघत होती. पोरीने आजीच्या हातातला रिकामा पेला ओढून घेतला आणि फळीवर आपटला. ठाक. पुन्हा, ठाक. आणि आणखी एकदा.

"अगं, बघत काय बसलीस, मेंढीवाली?" एशुनबाई हसतरडत म्हणाली आणि मापटं पुन्हा गोणीत बुडवलं. "पोरगी आणखी मागतेय."